फलकावरची नोंद, कातळावरची प्रत

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून गेलं, की १० क्रमांकाच्या लेण्यात एक हिशेब वाचायला मिळतो. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी तो दगडात कोरून घेतला. भिक्षुसंघासाठी त्याने ३,००० कार्षापणांची कायम ठेव केली आणि ती गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, गुंतवली. एकीकडे २,०००, महिना शेकडा एक दराने; दुसरीकडे १,०००, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजच वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं २४०. ते वर्षावासाला लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ याप्रमाणे वाटायचं. हिशेब आजही पैशाला पैसा जुळतो.

लेखात पुढे एक साधीशी माहिती येते. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं गेलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं गेलं. म्हणजे अधिकृत नोंद दफ्तरातल्या फलकावर होती. कातळावर कोरली ती दुसरी प्रत. आज ती निगमसभा नाही, ते दफ्तर नाही, फलकही नाही. गोवर्धन हे नाव तेवढं गंगापूरजवळच्या गावात आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या पत्त्यात टिकून आहे. विणकरांनी किती टक्के व्याज दिलं हे आपल्याला कळतं ते केवळ दुसऱ्या प्रतीमुळे.

त्या गोवर्धनापासून जवळच, त्र्यंबक रस्त्याला, सातपूरची औद्योगिक वसाहत आहे. मोठ्या कारखान्यांच्या आजूबाजूला त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य लहान वर्कशॉपं. तिथल्या सेटरच्या, म्हणजे मशीनवर जॉब लावून देणाऱ्या कारागिराच्या, खिशात पूर्वी एक तेलकट डायरी असायची. कुठल्या जॉबला कुठलं टूल, ऑफसेट किती, इन्सर्ट किती पीसनंतर फिरवायचा, कुठल्या ग्राहकाचा कुठल्या मापावर काटेकोर आग्रह असतो, असं सगळं त्यात. आता ती डायरी मोबाइलमध्ये गेली आहे. नोट्सचं ॲप, नाहीतर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज. सोय मोठी आहे. फोटो जोडता येतो, शोधता येतं, डायरी मशीनवर विसरण्याची भीती नाही. फक्त एखाद्या सकाळी ॲप उघडावं आणि चार वर्षांच्या नोंदींच्या जागी कोरी पाटी दिसावी, असं होऊ शकतं. शॉप फ्लोअरवर त्याला एकच शब्द आहे: 'उडालं'.

मशीनची आठवण

गंमत अशी, की सातपूरचा हाच सेटर बॅकअपचा धडा रोज डोळ्यांसमोर पाहत असतो. जुन्या आणि मध्यम वयाच्या सीएनसी मशीनमध्ये प्रोग्रॅम, ऑफसेट आणि मशीनचे पॅरामीटर ज्या मेमरीत असतात, तिला वीज लागते. मशीन बंद असताना ही वीज एक छोटी बॅटरी पुरवते. बॅटरी उतरायला लागली की फॅनुक कंट्रोलच्या पडद्यावर कोपऱ्यात 'बॅट' ही अक्षरं लुकलुकतात. ती दिसली की मशीन चालू ठेवूनच बॅटरी बदलायची. मशीन बंद करून बदलली तर मेमरीचा दुसरा आधारही गेलेला असतो. अक्षरांकडे काणाडोळा केला, मधे दोन-तीन दिवस कारखाना बंद राहिला आणि बॅटरीने मान टाकली, तर सुट्टीनंतर मशीन चालू होतं, पण त्याला काही आठवत नाही. कुठल्या अक्षाला किती धावायचं, पिच-एररची दुरुस्ती किती, सगळं पुसलेलं.

म्हणूनच मशीन बनवणारे पॅरामीटरची छापील यादी सोबत देतात. ती बहुधा इलेक्ट्रिकल पॅनेलमध्ये ठेवलेली असते. शहाणा मेंटेनन्सवाला ते सगळं मेमरी कार्डावरही घेऊन ठेवतो. एक प्रत मशीनमध्ये, एक कार्डावर, एक कागदावर. यंत्राच्या बाबतीत माणूस इतका सावध असतो. स्वतःच्या नोंदींच्या बाबतीत तोच माणूस 'क्लाउडवर आहे ना' म्हणून निर्धास्त असतो.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

या निर्धास्तपणाची तपासणी आधी करायला हवी, कारण बहुतेक नोंदी इथेच जातात. नोट्सची ॲप्स दोन जातींची असतात. काही ॲप्स नोंद मुळात कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात आणि फोनमध्ये तिची छाया दाखवतात. गूगल कीप, एव्हरनोट, नोशन ही त्या जातीची. काही ॲप्स नोंद आपल्याच कॉम्प्युटरवर साध्या फाइलच्या रूपात ठेवतात. ऑब्सिडियन हे त्याचं ठळक उदाहरण. पहिल्या प्रकारात फोन पाण्यात पडला तरी नोंद वाचते. दुसऱ्या प्रकारात कंपनी बुडाली तरी नोंद वाचते.

सिंकचं काम एकच असतं: सगळीकडे सारखं चित्र ठेवणं. फोनवर नवी ओळ लिहिली की ती लॅपटॉपवर दिसते. मात्र फोनवर ओळ खोडली की लॅपटॉपवरूनही ती तितक्याच तत्परतेने खोडली जाते. सिंक चूक आणि बरोबर यांत भेद करत नाही. मुलाने फोन हाताळताना नोट पुसली, तर ती दोन-तीन सेकंदांत घरातल्या प्रत्येक यंत्रावरून पुसली जाते.

हे केवळ व्यक्तींच्या बाबतीत घडतं असं नाही. मॅग्नोलिया नावाची, वाचकांना वेबवरचे दुवे साठवून देणारी एक अमेरिकी सेवा होती. ३० जानेवारी २००९ रोजी तिचा सुमारे अर्धा टेराबाइट डेटा नासला. बॅकअप घेतला जात होता. पण नासलेला डेटाच बॅकअपमध्येही उतरला होता. चांगली प्रत कुठेच उरली नाही आणि ती सेवा पुन्हा पूर्वपदावर आली नाही.

कंपनीचा विचारही बदलू शकतो. गूगलची 'नोटबुक' ही सेवा २०१२ साली बंद झाली आणि पुढच्याच वर्षी, मार्च २०१३ मध्ये, त्याच कंपनीने 'कीप' आणलं. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांसाठी ५० नोट्स आणि एक नोटबुक अशी मर्यादा घातली. जुन्या नोट्स पुसल्या नाहीत हे खरं, पण वर्षानुवर्षं त्यात लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच दिवशी प्रश्न पडला: आता हे सगळं बाहेर काढायचं कसं?

नोट दिसत नाही, तेव्हा

नोट दिसेनाशी झाली की पहिली उबळ येते ती ॲप काढून पुन्हा टाकण्याची. ती आवरावी. जी नोंद अजून सर्व्हरवर चढलीच नव्हती, ती फक्त त्या फोनच्या पोटात असते, आणि ॲप काढताना फोन ते पोटच रिकामं करतो. सेटिंगमधला 'डेटा पुसा' हा पर्यायही तसाच घातकी.

दुसरा फोन, टॅब किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर याच खात्याला जोडलेला असेल, तर तो उघडण्याआधी त्याचं इंटरनेट बंद करावं. विमान-मोड लावून ॲप उघडलं, तर खोडण्याची बातमी त्या यंत्रापर्यंत अजून पोचलेली नसण्याची शक्यता असते. नोट दिसली तर मजकूर लगेच दुसरीकडे चिकटवून घ्यावा. तेही नाही जमलं तर पडद्याचा फोटो काढावा.

मग शोध. हरवलेल्या वाटणाऱ्या पुष्कळ नोट्स खरं तर हरवलेल्या नसतात. फोनमध्ये दोन ईमेल खाती असतात आणि ॲप दुसऱ्याच खात्यात उघडलेलं असतं. किंवा बोट घसरून नोट 'अर्काइव्ह'मध्ये गेलेली असते. त्यात मराठी लिहिणाऱ्यांची एक खास अडचण आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी, आणि अनेक कीबोर्डांवर आजही, 'अ' लिहून त्यावर चंद्र दिला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्य सुद्धा दोन प्रकारांनी टंकता येतो. त्यामुळे 'ॲडव्हान्स' शोधल्यावर ॲप बेधडक 'काही सापडलं नाही' असं सांगतं आणि नोट मात्र समोरच बसलेली असते. अशा वेळी त्याच नोंदीतला दुसरा, सरळ शब्द शोधावा: रक्कम, गावाचं नाव, जॉबचा नंबर. आकडे शोधतानाही ते देवनागरीत लिहिले होते की इंग्रजीत, याची दोन्हीकडून खात्री करावी.

तिथेही नाही, तर कचरापेटी. इथे घड्याळ चालू असतं. गूगल कीपच्या कचरापेटीत नोट सात दिवस राहते. ॲपलच्या नोट्समध्ये पुसलेली नोट साधारण ३० दिवस, क्वचित ४० पर्यंत सापडते. नोशन ३० दिवस थांबतं, वननोट ६०. एव्हरनोटमध्ये आपण स्वतः कचरापेटी रिकामी करेपर्यंत नोट तिथेच असते. या मुदती कंपन्या बदलत असतात, म्हणून आपल्या ॲपची मुदत एकदा सेटिंगमध्ये किंवा मदतपानावर बघून ठेवलेली बरी. दिवाळीची सुट्टी गूगल कीपच्या सात दिवसांपेक्षा लांब असू शकते.

नोट आहे पण आतला मजकूर गेला, असा प्रकारही होतो. सगळं निवडलेलं असताना एक अक्षर दाबलं जातं आणि दोन पानांच्या जागी एक 'क' उरतो. इथे कचरापेटीचा उपयोग नाही. इथे जुन्या आवृत्त्या लागतात. वननोट पानाच्या आवृत्त्या ठेवतं, आणि विंडोजवरचं वननोट कॉम्प्युटरमध्येच आपणहून बॅकअपही घेत असतं. सिंपलनोटमध्ये पट्टी मागे सरकवून नोट पूर्वी कशी होती ते बघता येतं. ऑब्सिडियन ठरावीक वेळाने मजकुराचा फोटो काढल्यासारखी प्रत घेतं. मूळ सेटिंगमध्ये दर पाच मिनिटांनी, आणि ती सात दिवस ठेवतं. व्हॉट्सॲपला डायरी करणाऱ्यांसाठी अँड्रॉइड फोनमध्ये गेल्या सात दिवसांपर्यंतचे स्थानिक बॅकअप असतात. गूगल खात्यावर चढतो तो मात्र शेवटचा एकच. काल काही पुसलं आणि रात्री नवा बॅकअप चढला, तर खात्यावरच्या त्या प्रतीतही ते नसतं.

शेवटचा मार्ग म्हणजे यंत्राच्या पोटातून पुसलेली फाइल उकरून काढणं. जुन्या हार्ड डिस्कवर हे बऱ्याचदा जमतं. तिथे फाइल पुसली म्हणजे अनुक्रमणिकेतली ओळ खोडली. पान जागेवरच असतं, त्यावर दुसरं काही छापलं जाईपर्यंत. म्हणून अशा वेळी कॉम्प्युटर वापरणं ताबडतोब थांबवायचं असतं. नव्या एसएसडीवर ती संधी फार कमी, कारण पुसलेल्या जागा लवकर मोकळ्या करण्याची व्यवस्था त्यातच असते. आणि आजच्या फोनमध्ये सगळी साठवण कूटबद्ध असते. 'पुसलेलं सगळं परत आणा' असं सांगणारी ॲप्स फोनमधल्या सगळ्या फाइली बघण्याची परवानगी मागतात. हाती लागतं ते बहुधा जुन्या फोटोंच्या छोट्या प्रतिमा आणि जाहिराती.

आठवणीतून पुन्हा लिहिलेला ग्रंथ

सगळे मार्ग संपल्यावर उरते ती माणसांची आठवण. मराठीचा आद्य गद्य चरित्रग्रंथ अशाच रीतीने वाचलेला आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी यांच्या आठवणी त्यांच्या शिष्यांकडून गोळा करून म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूर इथे 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. नागदेवाचार्यांकडून ऐकायचं, इतरांकडून पडताळायचं, मग लिहायचं, अशी त्याची पद्धत. खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असं महानुभाव परंपरा सांगते. पुढे हिराइसेसारख्या, ग्रंथ मुखोद्गत असलेल्या मंडळींच्या आठवणीतून तो पुन्हा लिहिला गेला.

ग्रंथ परत मिळाला, पण जसाच्या तसा नाही. एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ तयार झाले. कुठे क्रम बदलला, कुठे शब्द बदलले. विसाव्या शतकात ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांना हे पाठ समोर ठेवून काम करावं लागलं. आठवणीतून नोंद उभी करण्याची किंमत ही असते: गाभा मिळतो, तपशील हलतो. सेटरची नोंद गेल्यावर जॉब कसा लावायचा हे त्याला आठवेल. ऑफसेटचा तिसऱ्या दशांशातला आकडा आठवणार नाही, आणि पीस रिजेक्ट होतो तो त्या आकड्यावरच.

आठवणीतून लिहायची वेळ आलीच तर ती लगेच साधावी. त्याच दिवशी बसून, आठवेल त्या क्रमाने, शुद्धलेखनाची फिकीर न करता. त्या काळातले मेसेज, बिलं, फोटो, पाठवलेले ईमेल समोर घ्यावेत. म्हाइंभटाने एका साक्षीदारावर भागवलं नाही; इथेही सहकाऱ्याला विचारून पडताळावं.

पोथी आहे, किल्ली नाही

महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं, आणि किल्ली पंथातल्या माणसांकडे. त्यामुळे ग्रंथ सुरक्षित राहिले आणि त्याच कारणाने मराठी वाचकांच्या नजरेआड गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांपर्यंत लिपीची उकल पोचली, तेव्हा कुठे जुन्या मराठी गद्याचं एवढं मोठं भांडार उजेडात आलं. पांडवलेण्यांचंही तेच. अक्षरं शाबूत होती, पण ब्राह्मी वाचणारं कोणी उरलं नव्हतं. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ती लिपी उलगडली आणि मगच उषवदाताचा हिशेब पुन्हा बोलू लागला.

पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही मराठी लेखकाच्या कपाटात आज अशीच एक न वाचता येणारी पोथी असते. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर बरीच वर्षं मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा प्रणालींवर होत असे. त्यांच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले होते. फॉन्ट असेपर्यंत मजकूर मराठी. फॉन्ट गेला की त्याच फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे आणि टोप्या घातलेले स्वर यांची खिचडी. फाइल उडालेली नाही, एक बाइटही कमी झालेला नाही. किल्ली तेवढी हरवली आहे.

अशी फाइल सापडली तर मूळ फाइलला धक्का लावू नये. तिची प्रत करावी आणि प्रतीवर प्रयोग करावेत. आधी फॉन्ट ओळखायचा; फाइल वर्डची असेल तर फॉन्टचं नाव बऱ्याचदा वरच्या पट्टीत दिसतं. मग त्या फॉन्टसाठी बनवलेलं परिवर्तक वापरून युनिकोड करायचं. शेवटी डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या आधी टंकलेली असे. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचा क्रमही असाच बदलतो, फक्त उलट दिशेने. परिवर्तक चुकतो तो नेमका वेलांटी, रफार आणि जोडाक्षरांवर.

आजच्या काळात किल्ली म्हणजे पासवर्ड. व्हॉट्सॲपचा बॅकअप कूटबद्ध करण्याची सोय २०२१ मध्ये आली. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली हरवली तर तो बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही. ॲपलच्या नोट्समध्ये वेगळा पासवर्ड लावून कुलूपबंद केलेल्या नोटचंही तसंच. ही सुरक्षितता चांगलीच आहे. फक्त ती किल्ली त्याच कुलूपबंद नोटमध्ये लिहून ठेवू नये. कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावी आणि घरात आणखी एका माणसाला ती जागा माहीत असावी.

तीन, दोन, एक

पेढीवरच्या जुन्या मुनिमाला बॅकअप हा शब्द माहीत नव्हता, पण तो एकाच व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी करत असे: तारखेप्रमाणे किर्दीत आणि खात्याप्रमाणे खतावणीत. खतावणी वाळवीने खाल्ली तरी किर्दीवरून ती पुन्हा उभी करता येई. वेगळी रचना, वेगळी वही.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी २००५ च्या सुमारास डिजिटल फोटो सांभाळण्यासाठी एक नियम मांडला. तो आता सगळीकडे 'तीन-दोन-एक' म्हणून ओळखला जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. नोट्सच्या बाबतीत त्याचा अर्थ असा: पहिली प्रत ॲपमध्ये, दुसरी घरच्या कॉम्प्युटरवर, तिसरी पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर, आणि ती गावाकडच्या घरी किंवा भावाच्या कपाटात. गोदावरीचा पूर किंवा चोर या तिन्ही ठिकाणी एकाच रात्री पोचत नाही.

नोट्स ॲपबाहेर काढण्याला 'एक्स्पोर्ट' म्हणतात, आणि तो पर्याय बहुतेक ॲप्समध्ये सेटिंगच्या तळाशी असतो. गूगल कीपमधलं सगळं 'गूगल टेकआउट'मधून उतरवता येतं. प्रत्येक नोटची ब्राउझरमध्ये उघडणारी फाइल मिळते. एव्हरनोट 'एनेक्स' नावाची फाइल देतं, जी इतर अनेक ॲप्सना वाचता येते. नोशन वेबपान किंवा साध्या मजकुराच्या रूपात देतं. ऑब्सिडियनमध्ये तर फोल्डर कॉपी केलं की झालं. फाइल त्याच ॲपमध्ये उघडणारी असेल, तर सोबत एक साधी मजकूर-फाइलही ठेवावी. युनिकोडमधला साधा मजकूर उघडायला कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नाही. आणि ज्या दहा-वीस नोंदींवाचून खरोखर अडेल, त्यांची छापील प्रत काढावी. मशीनच्या पॅनेलमधली पॅरामीटरची यादी कागदावर असते, ती काही उगीच नाही.

बॅकअप उघडून बघितला का?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसवरच पुसण्याची आज्ञा चालवली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा एकही धड चालत नव्हती. वाचवलं ते त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या प्रतीने. मधल्या सहा तासांचं काम गेलंच. गिटलॅबने ही सगळी फजिती स्वतःहून जाहीर लिहिली, म्हणून इतरांना शिकता आली.

पिक्सारची 'टॉय स्टोरी २' ची गोष्टही त्याच घराण्यातली. १९९८ साली एका आज्ञेने चित्रपटाच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या आणि बॅकअप गेले काही दिवस नीट होत नसल्याचं तेव्हा कळलं. तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुस्मन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती. एवढ्या मोठ्या स्टुडिओचा चित्रपट वाचला तो दुसऱ्या पत्त्यावरच्या प्रतीमुळे.

बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान मानू नये. तो परत आणून बघावा. त्याला वेळ फार लागत नाही. एक्स्पोर्ट केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायची, इंटरनेट बंद ठेवून उघडायची आणि तीन गोष्टी बघायच्या: सगळ्यात जुनी नोट उघडते का, मराठी अक्षरं नीट दिसतात का, आणि जोडलेले फोटो सोबत आले आहेत का. तिसरी गोष्ट बऱ्याचदा नापास होते. मजकूर येतो, फोटो मागे राहतात. हे कळायचं ते आजच कळलेलं बरं.

कामाला तारीख नेमली की ते होतं. ३१ मार्च हा जगभर बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो हिशेब बंद करण्याचा दिवस, त्यामुळे विसरायची सोय नाही. दुसरी तारीख खंडेनवमीची ठेवावी. त्या दिवशी सातपूरच्या वर्कशॉपांत मशीन पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून पूजा होते. मेंटेनन्सवाल्याने त्याच दिवशी मशीनची बॅटरी तपासावी आणि पॅरामीटर कार्डावर घ्यावेत. सेटरने आपल्या मोबाइलमधल्या नोंदी एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर उतरवाव्यात, त्यातल्या दोन उघडून बघाव्यात आणि पेनड्राइव्ह घरी घेऊन जावा. चहाच्या सुट्टीएवढंच काम आहे.